एका घरात दोन शेगड्या

मंगळवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. गृहनिर्माण विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, नियोजन शाखेत, खिडकीकडून दुसऱ्या टेबलावर दशांशबाई तक्ता क्रमांक चार तपासत होत्या. डाव्या हाताखाली लाकडी पट्टी, उजव्या हातात तांबडी पेन्सिल. पट्टी एकेक ओळ खाली सरकायची, पेन्सिल आकड्यांवरून कोरडीच फिरायची आणि ओळ बरोबर निघाली की शेवटी एक बारीक टिंब उमटायचं. संगणकाने केलेली बेरीज हाताने तपासायची गरज नाही, असं त्यांना आजवर तीन साहेबांनी सांगून झालं होतं. तिन्ही साहेब बदलून गेले. पट्टी तिथेच होती.

तक्त्याचं नाव होतं ‘एकाच घरात राहणारी एकाहून अधिक कुटुंबं, जिल्हावार’. राज्याची पुढच्या दहा वर्षांची घरबांधणीची योजना एकंदर नऊ तक्त्यांवर उभी राहणार होती. कुठल्या जिल्ह्यात किती घरं मोडकळीला आली, किती माणसं उघड्यावर झोपतात, किती जण दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहतात, असे ते नऊ तक्ते. नऊंची बेरीज म्हणजे राज्याची घरांची गरज. ती आली होती अकरा लाख बेचाळीस हजार सहाशे. शुक्रवारी त्या आकड्यावर सही व्हायची होती आणि सही झाली की घरांसाठीची यादी कायम होणार होती.

त्या अकरा लाखांत एक दशांशबाईंची सख्खी धाकटी बहीण होती. तक्ता चार, सहावा जिल्हा. जिल्ह्याच्या आकड्यात ती दिसत नव्हती. शेवटच्या साताच्या जागी आठ झाला होता, एवढंच.

बाईंचं वय त्रेपन्न, नोकरी सत्तावीस वर्षं, हुद्दा सांख्यिकी सहायक. गेली चौदा वर्षं हुद्दा तोच. दशांशबाई हे नाव त्यांना नोकरीच्या अकराव्या वर्षी पडलं. वार्षिक अहवालाच्या चार हजार प्रती छापून आल्या आणि त्यात एका जिल्ह्याचं दशांशचिन्ह एक जागा उजवीकडे सरकलेलं निघालं. सगळे म्हणाले, जाऊ द्या हो, वाचतंय कोण. बाईंनी शाईचं पेन घेतलं आणि सहा दिवसांत चार हजार प्रती हाताने दुरुस्त केल्या. तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे दशांशबाईच म्हणतात. घरी नवराही म्हणतो, पण चिडला तरच.

घर मोजणं सोपं असतं. भिंती असतात, दार असतं. कुटुंब मोजणं अवघड. एका दारातून आत गेलेली सात माणसं म्हणजे एक कुटुंब की दोन, हे त्या माणसांनाच विचारलं तर सासू म्हणते एक, सून म्हणते दोन, आणि मधला मुलगा म्हणतो, नंतर या. म्हणून सर्वेक्षणात एक नियम आहे. घरात जितक्या शेगड्यांवर रोजचं जेवण वेगळं शिजतं, तितकी कुटुंबं. गणकांना दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेत हा नियम सातव्या पानावर आहे. ते पान एकोणीस वर्षांपूर्वी दशांशबाईंनी लिहिलं. ‘माणसांना विचारा, पण शेगडी बघा’ हे त्यातलं वाक्य राज्यातल्या अडीच हजार गणकांना तोंडपाठ असतं.

धाकटी त्यांच्याकडे आली त्याला चार वर्षं झाली. तिचा नवरा दुसऱ्या राज्यात कामाला गेला तो गेलाच. आधी फोन यायचे, मग नुसते निरोप, मग तेही थांबले. भाड्याची खोली सुटली तेव्हा ती दोन पिशव्या आणि अकरा वर्षांची लेक घेऊन ‘आठवडाभरासाठी’ आली. बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत बाई आणि त्यांचा नवरा, जो बसच्या आगारात मेकॅनिक आहे. बाहेरच्या खोलीत मायलेकी. धाकटी एका मोठ्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करते. लेक आता पंधरा वर्षांची आहे. दोन खोल्यांत चौघं ही सरकारी मापाने दाटी नव्हे. खोलीमागे तीनच्या वर माणसं झाली की दाटी सुरू होते.

मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी सव्वादहाला सर्वेक्षणाची गणक मुलगी त्यांच्या दारात उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. माणसं किती, खोल्या किती, छत कशाचं, पाणी कुठून. मग तिने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं,

“रोजचा स्वयंपाक किती शेगड्यांवर होतो?”

“एक.”

“म्हणजे एकच कुटुंब लिहू?”

“नियमाने एकच.”

धाकटी शेजारी बसून बटाटे सोलत होती. ती काही बोलली नाही, कारण यात बोलण्यासारखं काही आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मुलीने बोट टेकवलं, नोंद पूर्ण झाली. बाईंना उत्तर द्यायला दोन सेकंदही लागले नव्हते.

दोन महिन्यांनी वरून निर्णय आला. या वेळी घरांसाठी वेगळे अर्ज मागवायचे नाहीत. अर्ज आले की दलाल येतात. सर्वेक्षणात ज्या कुटुंबाची गरज नोंदली गेली, त्यांचीच यादी करायची आणि त्या क्रमाने घरं द्यायची. निर्णय शहाणपणाचा होता. त्याची फाइल दशांशबाईंच्याच टेबलावरून पुढे गेली. त्या दिवशी त्या घरी काही बोलल्या नाहीत. बातमी धाकटीला लॉन्ड्रीत कळली.

“ताई, आमच्यातल्या त्या मशीनवालीचं नाव यादीत आलंय. तीपण भावाकडेच राहते. माझं कसं नाही?”

“तिच्याकडे शेगड्या दोन असतील.”

“म्हणजे काय?”

बाईंनी म्हणजे काय ते सांगितलं. धाकटीने ऐकून घेतलं.

“आणि तू त्या मुलीला काय सांगितलंस?”

“होतं ते.”

“अगं, एक म्हटलं की मी तुझ्या कुटुंबात जमा होते हे तुला माहीत होतं ना?”

“तेव्हा यादीचं ठरलं नव्हतं.”

“तेव्हा मी तुझ्या बाजूला बसले होते. हात लागेल इतकी.”

जेवता जेवता नवरा म्हणाला, “तिला कुणी किती वाजले विचारलं तर ती सेकंदसुद्धा सांगते. तिच्या तोंडून दोन कसं निघणार होतं?”

नियमात वाट होती. कुटुंबप्रमुखाच्या सहीने फेरपडताळणी मागता येत होती. पण त्यासाठी दोन शेगड्यांवर सलग तीस दिवस वेगळा स्वयंपाक चाललेला हवा. रातोरात शेगडी मांडून कुणी फसवू नये म्हणून घातलेली ही अट पुस्तिकेत आठव्या पानावर आहे. तेही पान बाईंचंच. मुदत संपायला एकोणचाळीस दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी धाकटीने एका कॉइलची विजेची शेगडी आणली आणि स्वयंपाकघरात खिडकीखाली स्टुलावर मांडली. गॅसपासून दोन हातांवर.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना हसू येत होतं. दोघी बहिणी पाठीला पाठ लावून उभ्या, दोन पातेली, दोन उलथणी. नवरा दारात येऊन म्हणाला, “मेहुणीबाई, शेजारधर्म म्हणून चिमूटभर मीठ मिळेल का?”

“भाऊजी, ते ताईला विचारा. चिमटीचा तक्ता कितवा ते तिलाच माहीत.”

ताई मात्र हसत नव्हती. तिने डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहायला घेतली होती. मीठ दोन, तेल दोन, साखर दोन. फ्रिजचा वरचा कप्पा गॅसचा, खालचा शेगडीचा.

“एवढं कशाला गं?” धाकटीने विचारलं. “तो निरीक्षक येईल त्या दिवशी मांडू की.”

“नाटक करायचं नाही. दोन लिहून घ्यायचं तर दोन असलं पाहिजे.”

तिसऱ्या दिवशी भाचीने सवयीने मावशीच्या कढईतलं अंडं ताटात वाढून घेतलं. “तुझं तिकडे,” बाई म्हणाल्या. मुलीने अंडं परत कढईत ठेवलं आणि खिडकीकडे गेली. आठवड्याभरात मस्करी ओसरली. दोन्ही बाजूंच्या वेळा ठरल्या, कारण स्वयंपाकघरात दोघींना एकदम वळता येत नव्हतं. एकमेकींच्या पातेल्यात काय आहे हे विचारणंही बंद झालं. कुणी बंद केलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी धाकटी तापाने पडली. एकशे दोन. नवरा दिवसपाळीला गेलेला, भाचीची दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा. बाईंनी गॅसवर मऊ भात लावला होता आणि लावताना हाताच्या जुन्या सवयीने तांदूळ जास्त पडला होता. तिघींना पुरला असता. बाईंनी पातेल्यात बघितलं आणि झाकण ठेवलं.

“वही बाजूला ठेव,” त्यांनी भाचीला सांगितलं. “एक वाटी तांदूळ, चार वाट्या पाणी. मीठ तुमच्या डब्यातलं.”

मुलगी शेगडीपाशी उभी राहिली. बाई गॅसपाशी उभ्या राहून सांगत गेल्या: आता ढवळ, आता आच कमी कर, झाकण तिरपं ठेव. पहिला भात बुडाला लागला. दुसरा जमला. या सगळ्याला पन्नास मिनिटं लागली. मध्येच बाहेरच्या खोलीतून धाकटीचा आवाज आला.

“ताई, तुझा भात झालाय ना?”

“झालाय.”

“मग?”

“एकोणीस दिवस झालेत.”

पुन्हा पहिल्यापासून मोजायचं तर तीस दिवस मुदतीत बसत नव्हते. हे धाकटीलाही कळत होतं. तिने कूस बदलली. औषध बाईंनीच आणलं आणि रात्रभर कपाळावरच्या ओल्या घड्याही त्यांनीच बदलल्या. औषधाबद्दल आणि घड्यांबद्दल आठव्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं. उरलेला भात दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या डब्यात नेला.

निरीक्षक सदतिसाव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी सहाला आला. पोट सुटलेला, घामाघूम, बोलका माणूस. त्याने विजेच्या शेगडीच्या कॉइलवर बोट टेकवून ती गरम आहे का पाहिलं. डबे उघडले, दोन्हीकडच्या मिठाचा अंदाज घेतला. भाचीला विचारलं, “तू कुठल्या शेगडीवरचं जेवतेस बाळा?”

“खिडकीखालच्या.”

“मावशीच्या हातचं आवडत नाही वाटतं?”

निरीक्षक बाईंकडे वळला आणि हसला. “पान सात, पान आठ. तुम्हीच लिहिलंय म्हणतात. मी इतकी घरं बघतो, पण इतकं चोख वेगळं घर नाही बघितलं बघा.”

त्याने कुटुंबांच्या संख्येच्या, अकराव्या रकान्यात दोन लिहिलं. महिन्याभराने सुधारित तात्पुरती यादी लागली. सहाव्या जिल्ह्यात धाकटीचा क्रमांक दोन हजार एकशे अठरा होता आणि पहिल्या तीन वर्षांत तिथे चोवीसशे घरं बांधायचं ठरलं होतं. म्हणजे तिसऱ्या वर्षी नक्की. धाकटीने यादीचं पान मोबाइलवर साठवून ठेवलं. त्या आठवड्यात तिने दोनदा विचारलं की सरकारी घरात ओट्याची उंची किती असते. बाईंनी दोन्ही वेळा सांगितलं, ऐंशी सेंटिमीटर. यादी कायम होईपर्यंत निरीक्षक कधीही पुन्हा येऊ शकत होता, म्हणून शेगड्या दोनच राहिल्या.

तर मंगळवारी सव्वाअकराला शिपाई टेबलाशी आला. “दशांशबाई, साहेब बोलावतात. सगळे तक्ते घेऊन या म्हणाले.”

साहेब या शाखेत आठ महिन्यांपूर्वी आले होते. वयाने बाईंहून बारा वर्षांनी लहान, बोलायला सभ्य, आणि उभ्या माणसाशी बोलणं त्यांना आवडत नसे.

“बसा, बसा. बाई, हा आकडा फार मोठा आहे.”

“बेरीज तीनदा तपासली आहे, सर.”

“बेरीज बरोबरच असेल हो. आकडा मोठा आहे.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आज सकाळी वर बैठक झाली. गरज साडेअकरा लाख दाखवायची आणि बांधायची तीन लाख, हे छापून आलं की आपली शोभा होईल. साडेआठच्या आत आणा म्हणतात. खोटं काही करायचं नाही, तसलं मला चालत नाही. पण व्याख्या कुठे सैल असेल तर ती घट्ट करता येते. कुठे आहे ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?”

बाईंनी तक्त्यांची चळत मांडीवर घेतली. “तक्ता सहा. मोडकळीला आलेली घरं. भिंतीला भेग एवढ्यावर धरलंय. भेग आणि छत दोन्ही खराब असतील तरच धरायचं, असं केलं तर एक लाख दहा हजार कमी होतात.”

“छान. पुढे?”

“तक्ता सात. कामासाठी आलेले, सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहिलेले. ते वगळले तर चौसष्ट हजार.”

साहेबांनी कागदावर वजाबाकी केली. “नऊ लाख अडुसष्ट हजार सहाशे. नाही पुरत. अजून?”

बाईंनी तक्ते नीट एकावर एक रचले. कडा जुळवल्या. साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली राज्याचा नकाशा होता, जिल्हे वेगवेगळ्या रंगांत. बाईंनी नकाशाकडे पाहिलं. सहावा जिल्हा शोधला नाही.

“अजून कुठे काही नसेल तर तसं सांगा,” साहेब म्हणाले. “मी वर जाऊन सांगतो की दशांशबाईंनीच हात टेकले, आता यातून काही निघत नाही. मग ते ऐकतीलही. खरंच सांगतो, तुमच्या शब्दाला वर वजन आहे. आहे का काही?”

“आहे.”

“सांगा.”

“तक्ता चार. सख्ख्या नात्यातली कुटुंबं एका घरात राहत असतील, म्हणजे आईवडील, मुलं, बहीणभाऊ, तर ती घरांची गरज न धरता कौटुंबिक सोय म्हणून धरता येते. शेगड्या कितीही असल्या तरी. तीन लाख सात हजार चारशे कमी होतात. उरतात आठ लाख पस्तीस हजार दोनशे.”

त्यांनी कागद-पेन्सिल वापरली नव्हती. साहेबांनी आपल्या कागदावर वजाबाकी करून पाहिली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

“एका फटक्यात! मग सहाला आणि सातला हात लावायलाच नको.”

“नको.”

“आणि वाईटही दिसत नाही. कौटुंबिक सोय. चांगला शब्द आहे.” साहेब हसले. “पण बाई, सहा, सात आणि मग चार? हा कुठला क्रम? तुमच्याकडून असं कधी होत नाही.”

बाई उठल्या. “तळटीप आजच तयार करू का?”

“आजच. चारपर्यंत माझ्याकडे द्या.”

टेबलावर परत आल्या तेव्हा शेजारी बसणारा नकाशेवाला मान वर करून त्यांच्याकडेच बघत होता. जिल्ह्यांचे नकाशे काढता काढता त्याची अठरा वर्षं याच टेबलावर गेली होती. धाकटीचं सगळं त्याला माहीत होतं, कारण तो भाताचा डबा त्यानेही अर्धा खाल्ला होता. बाईंनी तळटिपेसाठी कोरा कागद घेतला तेव्हा त्याने विचारलं, “आकडा कमी करायचा म्हणे. कुठून काढले?”

“चारमधून.”

तो खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, “अहो, नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात.”

“होतं ते सांगितलं.”

“विचारलं म्हणून सांगितलं! घराला आग लागली आणि आगीने पत्ता विचारला तर तोही सांगाल.”

“पिनकोडसकट सांगतील,” पलीकडून टंकलेखक बाई म्हणाली. तिला विषय काय ते माहीत नव्हतं. ती नेहमीप्रमाणे हसली. नकाशेवाला हसला नाही.

“घरी काय सांगणार?”

“हेच.”

तळटीप साडेतीन ओळींची झाली. बाईंनी ती दोनदा कच्ची लिहिली, एकदा टाइप केली आणि पट्टी ठेवून वाचली. दुसऱ्या ओळीत ‘बहीणभाऊ’ आधी आणि ‘आईवडील’ नंतर आलं होतं. त्यांनी क्रम बदलला, कारण सरकारी कागदात आईवडील आधी येतात. तीन पन्नासला त्यांनी कागद साहेबांकडे दिला. साहेबांनी चार वीसला मंजुरी टाकली. चार पस्तीसला नवी व्याख्या घालून यादी पुन्हा चालवली गेली आणि चौतीस जिल्ह्यांचं काम अकरा मिनिटांत संपलं.

बाईंनी सहावा जिल्हा उघडला. तपासणीसाठी प्रत्येक जिल्ह्यातून दहा नोंदी काढून बघायच्या, अशी पद्धत आहे. कुठल्या दहा, हे ठरलेलं नसतं. नऊ त्यांनी डोळे मिटून बोट ठेवल्यासारख्या घेतल्या. दहाव्यासाठी त्यांनी धाकटीचा नोंदणी क्रमांक टाइप केला. पडद्यावर आलं: नोंद आढळली नाही. व्याख्या बरोबर लागू झाली होती. त्यांनी तपासणी पत्रकावर दहावं टिंब दिलं, पेन्सिलचं टोक कागदाच्या तुकड्यावर पुसलं आणि टेबलाला कुलूप लावलं.

घरी पोचल्या तेव्हा सहा पंचवीस झाले होते. धाकटी खिडकीखाली बटाटे परतत होती. नवरा बाहेरच्या खोलीत भाचीच्या सायकलची साखळी बसवत होता, मुलगी कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून उभी होती. बाईंनी पिशवी खुंटीला लावली, हात धुतले आणि गॅसपाशी आल्या.

“यादी बदलली,” त्या म्हणाल्या. “सख्खे नातेवाईक एकत्र राहत असतील तर आता धरत नाहीत. तुझं नाव गेलं.”

धाकटीचा हात थांबला नाही. “मागे गेलं की गेलंच?”

“गेलं.”

“मशीनवालीचं?”

“भाऊ सख्खा असेल तर तिचंही.”

“सख्खाच आहे.” तिने आच कमी केली. “पुन्हा कधी?”

“सर्वेक्षण दहा वर्षांनी. मध्ये पाच वर्षांनी फेरआढावा असतो, पण त्यात व्याख्या बदलत नाहीत.”

“असं कुणाच्या डोक्यात आलं?”

“माझ्या.”

आता धाकटी वळली. तिच्या हातात उलथणं होतं. बाहेरच्या खोलीत साखळीचा आवाज बंद झाला.

“तुला कुणी विचारलं म्हणून?”

“हो.”

“नाही म्हणाली असतीस तर?”

“कदाचित राहिलं असतं.”

धाकटी बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बाईंना काहीतरी करता आलं असतं, निदान मान खाली घालता आली असती. धाकटी एखादी चादर सरळ इस्त्री झाली की नाही हे बघावं तशी बघत होती. मग तिने मान हलवली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि बटाट्यांकडे वळली.

नवरा काळे हात पुढे धरून दारात आला. त्याने आधी बायकोकडे, मग मेहुणीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. “म्हणजे आता ते शेगड्यांचं काही राहिलं नाही ना? मग हे डबेबिबे करून टाका एक. चारचौघांसारखे जेवू. दोन दोन मिठं सांभाळून माझा जीव मेटाकुटीला आलाय.”

धाकटी बटाटे परतत राहिली.

“काय गं?” त्याने भाचीला विचारलं. “मावशीच्या हातचं अंडं खाऊन किती दिवस झाले?”

मुलीने आईकडे पाहिलं.

“राहू दे भाऊजी,” धाकटी म्हणाली. “आमचं झालंच आहे आता. ताट घे गं.”

भाचीने खालच्या फळीवरून दोन ताटं घेतली. मायलेकी बाहेरच्या खोलीत जाऊन जेवायला बसल्या. खिडकीखालची कॉइल बंद झाल्यावरही थोडा वेळ तांबडी राहिली, मग काळी पडली. बाईंनी गॅस पेटवला आणि दोन माणसांचे तांदूळ मोजून घेतले. दीड वाटी. हात आता जास्त घालत नव्हता.

नवरा साबणाने हात धूत उभा होता. “तू म्हण ना तिला,” तो हळूच म्हणाला. “एकदा म्हण की ये. तुझं ऐकेल ती.”

बाईंनी पाणी मोजलं. “तिने सांगितलं ना, राहू दे म्हणून.”

“सांगितलं म्हणजे तसंच असतं का, दशांशबाई?”

बाईंनी भातावर झाकण ठेवलं. मग ओट्याच्या कडेला चिकटवलेला दोघींच्या स्वयंपाकाच्या वेळांचा कागद उपटला. तो निरीक्षकासाठी लावलेला होता आणि आता त्याची गरज नव्हती. वेळा सगळ्यांना पाठ होत्या. उद्या बुधवार. धाकटीची लॉन्ड्रीतली पाळी सातची आहे, म्हणून पाच पन्नास ते सहा वीस स्वयंपाकघर तिचं असेल आणि सहा वीसनंतर बाईंचं.